चावी जागेवर

मुलं मला पाठीमागे ‘गुण्या सर’ म्हणतात. काटकोन तपासायचा तो गुण्या. चोवीस वर्षं तंत्रशाळेत लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, शिकवतोय, कुणाचं काम केसभर वाकडं दिसलं तरी परत करायला लावतो, म्हणून हे नाव पडलं. मला ते आवडायचं. तीन वर्षांपासून ऐकवत नाही, पण मुलांना ते कसं सांगणार?

खरं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी पुन्हा स्वतःला साळसूद ठरवीन. लेथच्या फिरत्या जबड्याला चक म्हणतात; त्यात काम, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, घट्ट करायला एक चावी लागते. घट्ट केलं की चावी काढायची, भिंतीवरच्या फळीवर आपल्या खिळ्याला टांगायची, मगच मशीन सुरू करायचं. पहिल्या दिवसाचा पहिला धडा हाच. त्या दुपारी माझी पाळी संपत आली होती. चौथ्या लेथवर काम बांधून ठेवलं, पुढच्या पाळीला तयार मिळावं म्हणून. आणि चावी तशीच चकमध्ये ठेवून हात धुवायला गेलो. साबण लावलेला असतानाच आवाज झाला.

दुसऱ्या पाळीच्या मॅडम हजेरी घेत होत्या. एका मुलीने स्टार्टर दाबला, चावी उडाली, हत्यारांच्या कपाटाची काच फुटली आणि त्या मुलीच्या भुवईवर चार टाके पडले. डोळा वाचला. मी धावत आलो तेव्हा सगळे तिच्याभोवती होते. चावी माझ्या पायाशीच पडली होती. मुठीजवळ माझा नंबर पंच केलेला. प्रत्येकाच्या चावीवर नंबर पंच करायचा हा नियमही मीच काढलेला, बेशिस्त चालायची नाही म्हणून! मी ती उचलून खिशात टाकली आणि गडबडीत फळीवर टांगली.

संध्याकाळी प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. मॅडम म्हणाल्या, “माझी चावी फळीवरच होती.” प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमची?”

“चावी जागेवर,” मी म्हणालो.

दोनच शब्द. मॅडमनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दोन्ही चाव्या फळीवर, उडालेली कुणाची ते ठरेना; अपघात त्यांच्या पाळीत झाला होता, म्हणून ठपक्याचा मेमो त्यांना मिळाला. त्या मेमोपायी त्यांचं नाव पदोन्नतीच्या यादीतून गेलं आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो. मॅडमना मीच शिकवलेलं. माझ्याच हाताखाली त्या या लेथवर उभ्या राहिल्या होत्या.

यंदा विभागप्रमुखाची जागा निघाली. उमेदवार दोनच, मॅडम आणि मी. त्याआधी सगळ्या शिक्षकांना पाच दिवसांचं नेतृत्वाचं शिबिर. ड्रॉइंग हॉलमध्ये टेबलं गोलात मांडली, भिंतीला कोरे कागद चिकटवले, आणि बाहेरून आलेल्या बाईंनी आम्हाला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. पत्राकामाचे सर माझ्या कानात पुटपुटले, “एवढ्या चिठ्ठ्या? भिशी लावायची की काय?” पहिले चार दिवस असेच हसण्यावारी गेले.

पाचव्या दिवशी प्राचार्य मागे येऊन बसले. बाई म्हणाल्या, “प्रत्येकाने एक खरा प्रसंग सांगायचा. संकटात तुम्ही सहकाऱ्याला कसं सांभाळून घेतलंत.”

मी दुसरं काहीही सांगू शकलो असतो. मशीन बंद पडल्याचं, परीक्षेत मुलांना लोखंडी पट्ट्या कमी पडल्याचं. पण प्राचार्य बघत होते आणि मला ती जागा हवी होती. माझं तोंड आपोआप सुरू झालं. अपघात सांगितला, काच, रक्त, सगळं. “चूक माझ्या एका सहकाऱ्याची होती,” मी म्हणालो, “पण मी त्यांना एका शब्दाने बोललो नाही. माणूस चुकतो. मी त्यांच्या पाठीशी उभा राहिलो.” वर एक विनोदही केला, की तेव्हापासून त्या मशीन सुरू करण्याआधी तीन तीनदा चक फिरवून बघतात. हशा पिकला. टाळ्या पडल्या.

“त्या सहकारी आज इथे आहेत का?” बाईंनी उत्साहाने विचारलं.

सगळ्यांच्या माना मॅडमकडे वळल्या. त्या उठल्या. ओढणी सारखी केली. बाई म्हणाल्या, “सरांचा आधार तुम्हाला कसा वाटला?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. “सर मला ओरडले नाहीत,” त्या म्हणाल्या, “हे खरं आहे.” आणि खाली बसल्या.

पुन्हा टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मला चारचौघांत उघडं पाडलं असतं तर मी भांडलो तरी असतो.

घरी गेलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. पत्राकामाच्या सरांच्या बायकोने फोन केला होता. आमची ही दारातच म्हणाली, “अहो, एवढं मोठं मन आहे तुमचं, मला कधी बोलला नाहीत!” मग तिने तिच्या भावाला फोन लावला आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मी बाजूच्या खुर्चीत बूट न काढता बसलो होतो. ‘सांभाळून घेतलं’ म्हणताना तिचा आवाज भरून आला. तेवढ्यात मेव्हण्याने मला फोनवर बोलावलं आणि म्हणाला, “दाजी, मानलं तुम्हाला.” मी “हं” म्हणालो. मला माझीच किळस आली.

सकाळी मी लवकर वर्कशॉपमध्ये गेलो. मॅडम आधीच आल्या होत्या, पहिल्या लेथला तेल घालत होत्या.

“ती चावी माझी होती,” मी म्हणालो.

“माहीत आहे, सर. माझी फळीवर होती, मी तेव्हाच सांगितलं होतं.” त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला. “पण मी हजेरीच्या आधी चक बघायला हवा होता. तुम्हीच शिकवलंय, दुसऱ्याकडून मशीन घेताना आधी चक बघा. मी बघितला नाही, कारण तुम्ही बांधून गेला होता. तुमच्या हातचं काम, काय बघायचं, असं वाटलं. तेवढी चूक माझी.”

“मग नंतर बोलला का नाहीत? एवढी वर्षं?”

“पहिलं वर्षभर वाटायचं, आज सांगाल.”

मी फळीवरून माझी चावी काढली आणि तशीच प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सगळं सांगितलं. ते म्हणाले, “जुनं झालंय हो. कशाला उकरून काढता? जागा तुम्हालाच द्यायचं आमचं जवळजवळ ठरलंय.” क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. खुर्चीवरून उठलोही. मग टेबलावरच्या चावीवर माझा नंबर दिसला, आणि मी कोरा कागद मागून घेतला.

मेमो माझ्या नावावर आला. जागा मॅडमना मिळाली. घरी सांगितलं तेव्हा ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “दादाला फोन तुम्ही करायचा.” केला. त्याबद्दल लिहीत नाही.

विभागप्रमुख झाल्यावर मॅडमनी एकच नवा नियम केला. पाळी बदलताना जाणाऱ्याने चक हाताने फिरवून दाखवायचा, चावी सगळ्यांसमोर टांगायची आणि मोठ्याने म्हणायचं, “चावी जागेवर.” मग येणाऱ्याने सही करायची. शिक्षकांनाही सूट नाही.

पहिल्या दिवशी जाणारी पाळी माझीच होती, येणारी मॅडमची. नवी तुकडी, वीस जण, अर्धवर्तुळात उभे. मॅडम वही घेऊन समोर. मी चक फिरवला, चावी काढली, माझ्या खिळ्याला टांगली आणि वळलो. ते दोन शब्द जिभेवर होते. कसाबसा पुटपुटलो.

मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “सर, ऐकू नाही आलं.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्या पेन उघडून थांबल्या होत्या.

“चावी जागेवर,” मी म्हणालो, या वेळी मोठ्याने.

मॅडम फळीपाशी गेल्या, चावीवरचा नंबर वाचला, परत येऊन चक स्वतःच्या हाताने एकदा फिरवून बघितला, आणि मग सही केली.