बुरुलचा होकार

नारीन गावात बुरुलसारखी सून शोधून सापडायची नाही, असं सगळे म्हणत. मान खाली घालून चहा ओतायची, वडीलधारं काही म्हणालं की 'हो, आपा.' दोन्ही कानांत यंत्रं घालूनही तिला फारसं ऐकू येत नाही, हे कुणाच्या ध्यानात यावं कसं? सुनेनं तोंडच उघडायचं नाही म्हटल्यावर बहिरी कोण आणि गुणाची कोण!

पण गेल्या आठवड्यात ती कणीक मळत असताना शेजारच्या खोलीत तिचं तान्हं रजईत गुदमरलं. रडून रडून निळं पडलं. सासू आनारकान गोठ्यातून परतली म्हणून वाचलं. तेव्हापासून सासू बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवीना.

"खाली मुंडी, पाताळ धुंडी! कानात यंत्रं आहेत, तरी उठली नाही," असं ती येईल त्याला सांगे.

बुरुलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोर हातचं जाणार, हे तिला दिसत होतं. शेवटी ती सासूला घेऊन कानाची यंत्रं बसवणाऱ्या चिनाराकडे आली. बाळ सासूच्या मांडीवर होतं.

"ताई, आवाज वाढवा. बाळ ऐकू येत नाही हो मला!"

"अगं, यंत्र शेवटच्या टोकाला आलंय. माझं बोलणं ऐकू येतंय ना?"

"हो." ओठ दिसले की बुरुलला शब्द कळत, आणि लहानपणापासून ती त्यालाच ऐकणं समजत आली होती.

सासूनं चहाचा वाडगा तोंडाला लावला. वाडग्याआडूनच म्हणाली, "मग पोराला मी माझ्या लेकीकडे ठेवते. कायमचं. चालेल ना, सूनबाई?"

सासूच्या भुवया वर गेलेल्या बुरुलनं पाहिल्या. काहीतरी विचारलंय खरं. तिनं मान खाली घातली. "हो, आपा."

चिनारा बघतच राहिली. मग स्वतःच्या तोंडावर हात धरून तिनं विचारलं, "बुरुल, तुझ्या बाळाचं नाव काय?"

"हो," बुरुल म्हणाली.

चिनारानं हात काढला. सासूनं काय विचारलं, ते तिनं बुरुलला समोर बसून सांगितलं.

"नाही! नाही, आपा!" बुरुलनं झडप घालून बाळ ओढून घेतलं. या घरात 'नाही' ती पहिल्यांदाच म्हणत होती.

"चुकलं माझं," चिनारा म्हणाली. "दर वेळी नुसता आवाज वाढवत बसले. ओठ झाकून कधी विचारलंच नाही. एवढ्या आवाजातही शब्द कळत नसतील, तर या यंत्राचं काम संपलं. तुला केव्हाच बिश्केकच्या मोठ्या इस्पितळात धाडायला हवं होतं. तिथे शस्त्रक्रिया करून कानाच्या आत यंत्र बसवतात."

"मग ऐकू येईल? याचं रडणं?"

"आधी तपासतील. बसवलं तरी ऐकायला नव्यानं शिकावं लागतं. शब्द कसा देऊ गं तुला?"

बुरुलनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. सासूच्या ओठांवरून नजर न काढता तिनं विचारलं, "आपा, मी आजवर कशाकशाला हो म्हटलं?"

सासूनं वाडगा खाली ठेवला.

"त्या दिवशी मी दारातून ओरडले, 'गाय पिळायला जातेय, पोराकडे बघ.' तू पाठमोरी होतीस. तुझी मान हलली, म्हणून मी गेले."

"मी कणीक मळत होते, आपा," बुरुल म्हणाली. "मळताना मान हलतेच."