कट्ट्यावरची रांग आणि सरकारी बेकार

माझ्या नातवाला, ऋतुराजला, बेकार असल्याचा भारी अभिमान. शिरोली एमआयडीसीतल्या त्याच्या फौंड्रीनं एक पाळी बंद केली, तेव्हापासून तीन महिने हा कॉटवर आडवा. ऊठ म्हटलं की मोबाईल पुढं करतो. "आज्जी, महिन्याचा आकडा आलाय. बेकारीचा दर वाढलाय. मी एकटा न्हाय, देश हाय माझ्यासंगं." देश निदान आंघोळ तरी करत असेल.

त्यात रविवारी मलकापूरचे बाळासो येणार होते, त्यांच्या लेकीसाठी, वर्षाराणीसाठी, पोरगा बघायला. पोरगी मला पसंत. नजर वर करून बोलते, आणि तिचं नाव निघालं की ऋत्या हातातला घास विसरतो. म्हणून निरोपात मी "पोरगा फौंड्रीत" एवढंच कळवलेलं. आहे की होता, ते समोरासमोर बघून घेऊ म्हटलं.

पोहे पुढ्यात आले आणि दारात एक पोरगी उभी राहिली. नाव अनुजा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. महिन्याच्या रोजगाराच्या आकड्यांसाठी सरकार काही घरं निवडतं, त्यात आमचं आलेलं. दोनदा दार वाजवून माघारी गेली होती म्हणे; कॉटवरनं उठतंय कोण! मी तिसऱ्यांदाही पाठवली असती, पण बाळासोच म्हणाले, "विचारू दे की. आमचंबी तेच विचारायचं हाय."

झालं. मी बाळासोंच्या बशीत उगाच आणखी पोहे वाढले.

"तुम्ही काय करता?" तिनं ऋत्याला विचारलं.

"बेकार," ऋत्या छाती काढून म्हणाला. बाळासोंचा चमचा हवेतच थांबला.

"गेल्या सात दिवसांत काम शोधलं, की मिळालं तर जायची तयारी होती?"

"दोन्ही न्हाय. बाजारच मंद हाय, तर शोधून काय करू?"

"मग तुम्ही बेरोजगारांत येत नाही. जो काम शोधतो किंवा करायला तयार असतो, आणि ज्याला मिळत नाही, तो बेरोजगार."

ऋत्याचं तोंड उतरलं. तीन महिने ज्या गादीवर बसला होता, ती पोरीनं टॅबवर बोट टेकून काढून घेतली.

बाळासोंनी डोकं खाजवलं. "म्हंजे माणसांनी शोधायचंच सोडलं की बेकारी कमी?"

"दर खाली येऊ शकतो," अनुजा म्हणाली. "म्हणून तो एकटा बघायचा नसतो. कामावर किती जण आहेत, तेही बघायचं."

मी शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेलेली, पण हे मला चटकन कळलं. गंगावेशीच्या कट्ट्यावर आम्ही म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढतो. मी म्हटलं, "रांग आखडली म्हंजे दूध वाढलं असं न्हाय, पोरी. थांबून थांबून माणसं रिकामा पेला घेऊन घरला गेली, तरी रांग आखडतीच की."

"आज्जी, हे मी पुढच्या घरात सांगणार," म्हणून ती हसली आणि परत ऋत्याकडं वळली. "ह्याच सात दिवसांत घरच्या धंद्यात एखादा तास तरी काम केलंय?"

तो न्हाय म्हणायच्या आत मी सुजलेला अंगठा वर केला. "ह्या अंगठ्यापायी मंगळवारी कट्ट्यावर आपल्या चंद्री म्हशीची धार कुणी काढली रं?"

"मीच की. दोन तास. पण ते काय काम व्हय?"

"व्हय तर. मग तुम्ही रोजगारात," म्हणून अनुजानं टॅबवर टिचकी मारली.

म्हशीनं माझ्या नातवाला सरकारदरबारी कामाला लावला. मला हसू आवरेना. बाळासोंना पोह्यांचा ठसका लागला, अनुजा टॅब पोटाशी धरून दुमडली. ऋत्या तेवढा भिंतीकडं बघत बसला.

बाळासो डोळे पुसत उठले. "सरकारचं झालं. आता माझं. धार दाखवा."

मग सगळी वरात गोठ्यात, पोह्याच्या बशा हातात घेऊन. चंद्री परक्याला लाथ घालते. ऋत्यानं नुसता पाठीवर हात ठेवला, आणि ती डोळे मिटून रवंथ करत उभी राहिली. बादली वाजायला लागली. बाळासोंनी पेलाभर धारोष्ण घेतलं, मिशीला फेस तसाच ठेवून म्हणाले, "हात कामाचा हाय. पण माणूस कामावर न्हाय. काय करायचं, आक्का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ऋत्या तर बादली सोडून.

"ऋत्या," मी म्हटलं, "तू बेकार न्हाईस, आन् दोन तासांत कामकरीबी झाला न्हाईस. तू आळशी हाईस. त्याचा आकडा सरकार काढत न्हाय, मी काढणार. उद्यापास्नं दोन्ही वेळा चंद्री तुझी, मधल्या वेळात शिरोलीत दारं वाजवायची. महिना भरला की मी मोजणार, आन् मगच ह्या पावण्यांस्नी साखरपुड्याचा निरोप जाणार."