पोह्यांच्या डब्यावरचा ठेका

माघ सरत आला होता. कृष्णेच्या नीलधूसर, निश्चल जलावर कोवळे ऊन उतरले होते. काठच्या मंगल कार्यालयात झेंडूची पीतारुण तोरणे झुलत होती. हळदगंधाने प्रभात भारली होती. इंदुमतीला हे सारे दिसत होते. जाणवत काहीच नव्हते.

तीस वर्षे ती परक्यांच्या लेकींसाठी मंगलाष्टके रचत आली. वधूवरांची नावे सांगा, कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो कडवी तयार! त्या वेगाचे गुपित गावाला ठाऊक नव्हते. ती ओळ म्हणे, आणि समोर बसलेला तिचा नवरा दिगंबर पोह्यांच्या डब्यावर आपल्या किंचित वाकड्या तर्जनीने ठेका धरी. वृत्तछंदातले त्या भल्या माणसाला ओ की ठो कळत नसे. पण ओळ पोकळ निघाली, की बोट थांबे. बोट थांबले, की ती ओळ खोडी.

श्रावणात दिगंबर गेला. ती रडली नाही. लोक येत राहिले, ती लिहीत राहिली. पूर्वीपेक्षाही भरभर, कारण थांबवणारे बोटच नव्हते. कुसुमकोमल कन्या, चंद्रवदना कन्या, कन्येमागून कन्या, सगळ्या एका साच्यातल्या. लोक वाहवा करत. तिला त्या वाहवेचेही काही वाटत नसे.

आज तिच्या एकुलत्या लेकीचे, शर्वरीचे लग्न. लेकीचे मागणे एवढेच होते. "आई, मंगलाष्टक तूच म्हणायचंस. आणि त्यात बाबा हवेत. आपले बाबा. कुणाचेही नकोत." इंदुमतीने ते कडवे पाच मिनिटांत उरकले होते.

अंतरपाट धरला गेला. शुभ्र, स्वस्तिकांकित. ती गाऊ लागली. स्वर सुरेल, मन गोठलेले. मग तिची नजर शर्वरीच्या हातांतल्या नारळावर गेली. नारळावर लेकीची तर्जनी ठेका धरत होती. तश्शीच, किंचित वाकडी.

एक कडवे झाले. दुसरे झाले. तिसऱ्यात पिता आला, सागरासम गंभीर, मेरूसम धीर.

बोट थांबले.

इंदुमतीही थांबली. "विसरल्या वाटतं," कुणीतरी कुजबुजले. भटजी खाकरले, "ताई, मुहूर्त टळेल हो."

आत काहीतरी तडकले. फार दुखले. तिने कागद चुरगळला, आणि क्षणाचाही विलंब न लागता ओळी आल्या:

"पोह्यांच्या डबड्यावरी अजुनही ठेका जयाचा घुमे,
आला गे बघ मंडपी तव पिता, बोटी तुझ्या तो रमे."

शर्वरीने मान वर केली नाही. नारळावरचे बोट तेवढे पुन्हा चालू लागले.

सनई उसळली, अंतरपाट सरला, चहूकडून अक्षता बरसल्या; केशरी, कुंकुमरंजित, अपार अक्षता. इंदुमतीने हात उचलला. पण तिच्या ओंजळीतल्या अक्षता कधीच भिजल्या होत्या, तळव्याला चिकटून बसल्या होत्या, सुटता सुटत नव्हत्या.