वाचायला उठवू नका

“बकरी पाला खाते,” मोनिकानं खणखणीत आवाजात वाचलं आणि मी म्हणाले, “शाबास!”

अख्खी दुसरी फिदीफिदी हसायला लागली. सुनील तर बसकरावर लोळायचाच बाकी. “बाई, बकरी न्हाई वो, तिथं शेळी हाय! ही चित्र बघून सांगती!”

“कळतंय मला,” मी खेकसले. “तू आधी नाक पूस.”

कळतंय काय, कपाळ! कार्डावर शेळी लिहिली होती की हत्ती, मला काय पत्ता? तसं दिसत होतं सगळं. अक्षरं ठळक, काळीकुळकुळीत. वाचताच येत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या डोक्यात बारीकशी गुठळी झाली. नगरचे डॉक्टर म्हणाले, नशीब समजा, हातपाय शाबूत, वाचा शाबूत. घरी आले, जिऱ्याच्या डब्यावर ‘जिरं’ लिहून चिठ्ठी डकवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीपुढे ठार अडाण्यासारखी उभी राहिले. लिहिता येतंय आणि स्वतःचंच लिहिलेलं वाचता येत नाही! पुन्हा डॉक्टरांकडे पळालो. असं होतं कधीकधी, म्हणाले. सुधारेल का विचारलं, तर बघू म्हणाले.

माझा नवरा आमोस साखर कारखान्यातून रिटायर झालेला. तो म्हणाला, “गप ऱ्हा, स्टेला. कुनाला बोलू नको. थोडी वर्षं ऱ्हायलीत, काढ कशी बी.”

काढत होते. शेवगावच्या स्टँडवर एसटीची पाटी लोकांना विचारून गाडीत चढत होते. शाळेत तसं निभत होतं. जन्म गेला पहिली-दुसरीला वाचायला शिकवण्यात, पुस्तकं तोंडपाठ. फळ्यावर लिहिता येत होतंच. पण वरून ही नवी वाचनकार्डं आली आणि माझी पाचावर धारण बसली. वाचता न येणारी वाचनाची बाई! सांगावं तर घरी बसवतील. घरी बसून मी काय करू, भिंती बघू? आणि न सांगावं तर रोज सकाळी त्या कार्डांपुढे वाचल्याचं सोंग.

मधल्या सुट्टीत मी मोनिकाला थांबवून घेतलं. “दुसरीत आलीस आणि चित्र बघून वाचतेस? लाज नाही वाटत?”

तिनं खाली मान घालून ओढणीसारखं फ्रॉकचं टोक पिळलं. मग हळूच म्हणाली, “तुमी बी तसंच करता की, बाई.”

“काय करते मी?”

“तुमी कार्डाकडं बघतच न्हाई. आमच्या तोंडाकडं बघता. मोठ्यांदी वाचलं की शाबास म्हन्ता. म्हनून मी मोठ्यांदी वाचते.”

माझ्या पायांखालची जमीनच सरकली. मुख्याध्यापक गहिनीनाथ सरांना मी चकवलं होतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांना चकवलं होतं, आणि या एवढ्याशा पोरीनं मला बरोबर धरलं!

“मी न्हाई सांगत कुनाला,” ती मलाच समजावायला लागली. “तुमी फकस्त मला वाचायला उठवू नका. पोरं लई हसत्यात.”

आणि मी, स्टेला बाई, म्हणाले, “बरं.”

त्यानंतर मोनिका भलतीच खुशीत. माझ्यासाठी बांधावरची बोरं आणायची. वाचनाचा तास आला की माझी नजर तिच्यावरून पुढे जायची आणि ती माझ्याकडे बघून गोड हसायची. ते हसणं मला सोसेना. पोरगी अशीच तिसरीत जाणार, चौथीत जाणार, दुसऱ्यांची तोंडं बघत. मला निदान इतकी वर्षं वाचायला मिळालं. हिला मी एक ओळ मिळू देत नव्हते, का, तर माझी अब्रू झाकायची होती. स्वतःची किळस आली मला.

शेवटी एका सकाळी मी गठ्ठ्यातून बिनचित्राचं कार्ड काढलं. “मोनिका, ऊठ. पुढं ये.”

तिचा चेहरा खर्रकन उतरला. जवळ येऊन पुटपुटली, “बाई, तुमी बरं म्हनला हुता.”

“म्हणाले होते. चुकलं माझं.”

पहिलीच्या पोरांना गिरवायला लावताना धरते तसं मी तिचं बोट धरलं आणि पहिल्या अक्षरावर फिरवलं. ओळखायचं तिनं, एवढंच माझ्या मनात होतं. पण बोट रेषेवरून वळलं आणि माझ्या हाताला कळलं, प! डोळ्यांना गंध नाही, आणि हाताला कळलं! पुढे काना.

“पा,” मी म्हणाले.

“पा,” मोनिका म्हणाली.

“टा... ला...” दोघी अडखळत पुढे सरकलो. “पा... टा... ला.”

“आरं, बाईला बी येत न्हाई!” सुनील ओरडला. “बाई बी अडकत्यात!”

वर्गात एकच हशा पिकला. दंगा ऐकून गहिनीनाथ सर दारात आले, तशी पोरं चिडीचूप. सर माझ्याकडे बघत राहिले, मग कार्डावरच्या आमच्या बोटांकडे.

“स्टेला बाई, काय चाललंय हे? तुम्हाला दिसत नाही का?”

मोनिका बोट सोडवून घ्यायला लागली. मी ते घट्ट धरून ठेवलं.

“दिसतंय, सर. वाचता येत नाही,” मी म्हणाले. “ऑफिसात येऊन सगळं सांगते. पण जरा थांबा, आमची ओळ राहिलीय.”