साहेबाची मान

"हे घोडं आणलंय की घोड्याचं नुसतं वर्णन?" गाडीवानाच्या बायकोनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"अगं, जातिवंत आहे. जरा थकलंय, एवढंच."

"जरा? फाटकापासून गोठ्यापर्यंत यायला त्यानं दोनदा विसावा घेतला. गाडीला घोडं आणायला गेलात ना? आता ह्याला बसवा गाडीत आणि तुम्ही ओढा."

बाजारातल्या व्यापाऱ्यानं हे पांढरं घोडं गाडीवानाच्या गळ्यात मारलं होतं आणि वर सांगितलं होतं, "ह्याला साधा समजू नका. सापाच्या औषधाच्या कारखान्यात नोकरी करून आलाय." गाडीवान तेव्हा मनातल्या मनात हसला होता. थाप कशी मारतात हे त्याला कोणी शिकवायला नको होतं, गावात त्या कामात त्याचा हात धरणारं दुसरं कोणी नव्हतं.

घोड्याला एक विचित्र सवय होती. कोणी मानेला हात लावला, की तो जागच्या जागी थांबायचा, मान लांब करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. हात निघेपर्यंत जाम हलायचा नाही. काम थोडं आणि रुबाब फार, म्हणून बायकोनं त्याचं नाव ठेवलं साहेब.

साहेबाचं नशीब उघडलं ते लोहारामुळं. लोहार ओढ्यावर अंघोळ करत असताना त्याच्या पोटरीला साप चावला. गाडीवान तिथंच गाडी धूत होता. साप पाण्यातला होता, बिनविषारी होता, हे त्यानं धडधडीत पाहिलं होतं. पण एवढा घणाचे घाव घालणारा गडी "मेलो, मेलो" करत चिखलात लोळायला लागला, तेव्हा गाडीवानाच्या जिभेला खाज सुटली.

"घाबरू नकोस. साहेबाच्या मानेवर हात ठेव," तो म्हणाला. "सापाच्या औषधाचा घोडा आहे तो. विष ओढून घेतो."

लोहारानं हात ठेवला. साहेबानं सवयीनं मान लांब केली, डोळे मिटले.

"ओढतोय! ओढतोय बघ!" लोहार ओरडला आणि थोड्या वेळानं उठून चालत घरी गेला.

गाडीवानाला वाटलं होतं, संध्याकाळी खरं सांगून पोट धरून हसू. पण संध्याकाळी लोहार गवताचा भारा घेऊनच दारात आला. दुसऱ्या दिवशी गल्लीतली बोळकी आत्या आली, तिला तर विंचूसुद्धा चावला नव्हता, पुढेमागे चावला तर असावं म्हणून हात लावून गेली. मग येणाऱ्याजाणाऱ्याची रांग लागली. कोणी कोंडा आणायचं, कोणी भोपळा. गाडी अंगणात गंजत पडली आणि गोठ्यामागं गवताची गंजी उभी राहिली.

"अहो, उद्या कुणाला खरंच विषारी चावला आणि तो दवाखाना सोडून इथं आला तर?" बायकोनं एकदा विचारलं.

"नाही येत कोणी. आपल्याकडं कुठं आहेत तसले साप?" गाडीवान म्हणाला आणि भोपळा चिरायला बसला.

तसला साप त्याच गंजीत होता. कोणाच्या तरी बांधावरून भाऱ्यातच आला असणार. गाडीवानानं सकाळी गवत काढायला हात घातला आणि मनगटावर कोणीतरी जळता खिळा मारल्यासारखं झालं. हात काढला तर दोन दातांचे ठिपके, आणि बघता बघता मनगट सुजायला लागलेलं. जाड, आखूड साप सावकाश गंजीत परत शिरला. हा काही ओढ्यातला नव्हता.

"साप! दवाखान्यात न्या मला!" गाडीवानानं बोंब ठोकली.

अख्खी गल्ली धावून आली. सगळ्यात पुढं लोहार. "दवाखाना कशाला? घरात साहेब आहे की!" त्यानं गाडीवानाला काखेत हात घालून उचललं, गोठ्यात नेलं आणि त्याचा दुसरा, धड हात साहेबाच्या मानेवर दाबून धरला. साहेबानं मान लांब केली, डोळे मिटले.

"ओढतोय!" गल्लीनं एका सुरात सांगितलं.

"काही ओढत नाहीये! अरे सोड! मी खोटं बोललो होतो!"

"काय?"

"तुला चावला तो पाण्यातला होता. त्याला विषच नसतं. मी बघितलं होतं, मुद्दाम बोललो नाही. थाप होती रे सगळी!"

लोहारानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. लोहाराचे डोळे भरून आले.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "विष डोक्यात गेलं गं ह्याच्या. बरळायला लागलाय."

"दाबून धर," बोळकी आत्या म्हणाली. "दोन्ही हात लाव त्याचे."

गाडीवानाची पाचावर धारण बसली. आयुष्यभर थापा मारल्या, त्या सगळ्या गावानं खऱ्या मानल्या, आणि आज जीव तोडून खरं सांगतोय तर एक माणूस ऐकायला तयार नाही. हात कोपरापर्यंत ठणकत होता. त्यानं बायकोकडं बघितलं. ती दारात उभी होती, पांढरीफटक पडलेली. तिला सगळं ठाऊक होतं.

ती पुढं आली ती ओरडतच. "अरे, उभ्या उभ्या काय ओढणार तो? आजचं विष जड आहे! साहेब चालता ठेवावा लागतो, तरच ओढतो. गाडीला जुंपा त्याला! ह्यांना आडवं घाला, हात अजिबात हलवू देऊ नका!"

"आणि न्यायचा कुठं?" लोहारानं विचारलं.

"डांबरी रस्त्यानं सरळ. दवाखान्यापर्यंत. तेवढं अंतर चाललाच पाहिजे."

हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. गाडी जुंपली गेली. साहेब पुढं चालत होता आणि मागून गाव गाडी ढकलत होतं, त्यामुळं त्यालाही आयुष्यात पहिल्यांदा पळावं लागलं. गाडीवान पडल्या पडल्या बायकोचा पदर धरून होता. "तू माझ्यापेक्षा भारी आहेस गं," तो पुटपुटला. ती रडत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि लगेच सलाईन लावून औषध सुरू केलं. अर्धा दिवस त्या त्याच्या उशाशीच येऊन-जाऊन होत्या. सूज चढायची थांबली, तेव्हा कुठं त्या खुर्चीत टेकल्या.

"वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

"बाई, हे औषध असतं तरी कसलं?" बायकोनं विचारलं.

"घोड्याच्या रक्तातलं. कारखान्यात घोड्यांना सापाचं विष अगदी थोडं थोडं टोचतात. मग त्यांच्या रक्तात त्या विषाला पकडून निकामी करणारे पहारेकरी तयार होतात. अँटिबॉडी म्हणतात त्यांना. मानेतून रक्त काढतात आणि त्यातल्या अँटिबॉडी वेगळ्या करून हे औषध बनवतात. घोडा म्हातारा झाला की त्याला सोडतात."

गाडीवान ताडकन उठून बसायला गेला, बायकोनं त्याला खाली दाबलं.

"मानेतून?" त्यानं विचारलं.

"हो. सवयच होते त्यांना."

डॉक्टरीणबाई पुढची सुई भरायला खिडकीपाशी गेल्या. बाहेर साहेब गाडीसकट उभा होता. त्याला पांढरा कोट दिसला, हातातली सुई दिसली. कोणी हात लावला नव्हता, तरी तो पुढं आला, खिडकीच्या गजांतून नाक आत घातलं, मान लांब केली आणि डोळे मिटून घेतले.

गाडीवानाला हुंदका आवरला नाही. "त्याला सांगा बाई, झाली त्याची नोकरी," तो म्हणाला. "आज माझी पाळी आहे."

बाईंनी साहेबाचं नाक थोपटलं. बाहेरच्या गर्दीची बडबड त्यांच्या कानावर आली होती. "आणि नुसता हात लावून विष काही उतरत नाही, बरं का. गावात सांगा."

"मी सांगितलं, बाई. सकाळीच सांगितलं. देवाशपथ सांगितलं."

बाहेर लोहार जमलेल्यांना हातवारे करून समजावत होता. "साहेबानंच वाचवलं! चालता ठेवला म्हणून! आता कुणालाही काही चावू दे, आधी गाडी जुंपायची आणि थेट दवाखान्यापर्यंत आणायची. मध्ये थांबायचं नाही!"

गाडीवानानं तोंड उघडलं. बायकोनं त्यावर हात ठेवला.

"गप्प पडा," ती म्हणाली. "ही थाप मी मारलीय. आणि ती खरी करायला रोज गाडी तेल घालून तयार ठेवायची, ते काम तुमचं."