पिंपळपानाचा सहावा तुकडा

मित्रांनो, माझ्या सहाव्या तुकड्यात, खालून तिसऱ्या ओळीपासून, सूत थोडे कुरळे दिसते. एकदा विणून उसवलेले सूत पुन्हा सरळ होत नाही. मी एक अर्धवट पांघरूण आहे. दर तुकड्याला नवा नमुना, असे बारा तुकडे जोडून मी पुरे होणार आहे.

मला अहमदपूरची बुद्धप्रिया विणते. ती आणि तिचा नवरा आनंदराज जवळच्या गावी एकाच शाळेत शिकवायचे, एकाच मोटारसायकलवरून जायचे. आनंदराज आजारपणात गेला, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून ती रजेवर आहे. ती रडत नाही. कुणी विचारले तर जेवले म्हणते. सासूबाई सरजाबाईंनी एके दिवशी तिच्या हातात क्रोशाची सुई दिली. "हात तरी हालू दे, पोरी."

हे जाळीचे विणकाम. आलेखाच्या कागदावर काळे घर असेल तिथे खांब, म्हणजे उभे टाके, भरायचे, कोरे असेल तिथे साखळी घालून जागा मोकळी सोडायची. चक्र, फूल, चौकट असे पाच तुकडे नीट उतरले. सहावे पिंपळपान, देठ एका बाजूला वळलेला. ते विणून झाले आणि सरजाबाई बघतच राहिल्या.

"पान हाय का करवत?"

"आई, कागदावर आहे तसंच विणलं. प्रत्येक ओळ डावीकडून वाचली."

"हर ओळ? अगं, ओळ सरली की आपण काम पलटतो. मग पुढची ओळ कागदावर बी उलटीकडून वाचायची. विज्ञानाच्या बाई म्हणं!"

आधीचे नमुने दोन्हीकडून सारखे होते, म्हणून चूक लपली होती. बुद्धप्रियाने सूत ओढले. ओळीमागून ओळ सुटत गेली. मला काही वाटले नाही, तिच्या चेहऱ्यावरही काही दिसले नाही. मित्रांनो, बिघडलेले काम पेटीत कोंबून ठेवू नका. उसवणाऱ्याजवळ कुणीतरी बसावे, एवढेच माझे मागणे. सरजाबाई सुताचा गुंडा करत बसल्या होत्या.

पान पुन्हा अर्ध्यावर आले, तेव्हा हेडसरांचा फोन आला. याआधी तीनदा ती "कळवते" एवढेच म्हणाली होती.

"मॅडम, आज रजा संपते. येणार की राजीनामा देणार?"

सुई थांबली.

"सोमवारी हजर होते, सर," बुद्धप्रिया म्हणाली. "एसटीनं येईन."