इथं दम घे

जाफराबादच्या त्रिंबकरावांना सगळा गाव मास्तर म्हणतो, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. ते फौजेच्या बँडमधले. अठ्ठावीस वर्षं क्लॅरनेट वाजवली, हवालदार होऊन घरी आले आणि येताना पत्र्याच्या पेटीत कपड्यांपेक्षा नोटेशनचे कागद जास्त आणले. घरची मंडळी पिढ्यान् पिढ्या मेंढ्यांमागं हिंडलेली, आता सोयाबीन-कपाशीवाली. त्यांच्यात ह्या एकाच माणसाला वेड लागलं, तेही सिंफनीचं. सिंफनी म्हणजे काय असं कुणी विचारलं तर त्यांची बायको साखराबाई सांगायच्या, "साठ-सत्तर जण एकदम वाजवतेत, आन् आमचं माणूस एकटंच रडतं." याहून नेमकं कुणी काय सांगणार?

बरं, सगळ्या सिंफन्यांशी मास्तरांना देणंघेणं नव्हतं. एकच, सातवी. दोनशे वर्षांपूर्वी बहिरा होत चाललेल्या एका जर्मन माणसानं रचलेली. तिच्या दुसऱ्या भागात मधोमध क्लॅरनेटची एक लांब, संथ ओळ येते. फौजेत शिकताना ती त्यांनी पहिल्यांदा वाजवली आणि तिथंच ते अडकले. ह्या एका सातवीची पाच रेकॉर्डिंगं त्यांच्याकडं होती. एक तबकडी, दोन कॅसेटी, दोन सीड्या. प्रत्येकात वाजवणारे वेगळे आणि त्यांना हाताच्या इशाऱ्यावर चालवणारा कंडक्टरही वेगळा. त्या परदेशी नावांवर जीभ वळेना, म्हणून मास्तरांनी आपलीच नावं पाडली होती. सगळ्यात संथ चालवतो तो म्हातारा. पळवतो तो घाईचा. आणि जिच्यात ऐन शांत जागी समोर बसलेलं कुणीतरी खोकतं, ती खोकल्याची.

दर रविवारी दुपारची जेवणं झाली की परीक्षा असायची. मदतीला कडूबा, लहानपणापासूनचा दोस्त, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. मास्तर भिंतीकडं तोंड करून बसायचे, डोळ्यांवर पंचा बांधायचे. कडूबानं न सांगता पाचांतलं एक लावायचं. मास्तरांनी ते ओळखायचं, वर दहापैकी मार्क द्यायचे, आणि कडूबानं ते वहीत लिहून ठेवायचे. सुरुवातीला कडूबा थट्टा करायचा. "तुझा कंडक्टर तिकीट फाडत न्हाई, घंटी मारत न्हाई, मंग पगार कशाचा घेतो?" पण वर्षभरात तोही पक्का तयार झाला. "म्हातारा साडेनऊ मिनिटं घेतो," तो सांगायचा, "घाईचा आठच्या आत डेपोत." मास्तर मात्र घड्याळ मानायचे नाहीत. ते फुंक ऐकायचे. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "माणूस चेहरा बदलंल, नाव बदलंल, फुंक बदलत न्हाई. एकदा ज्याची फुंक ऐकली, त्याला मी हजारांत वळखीन." आणि ओळखायचेही बिलकुल बरोबर. त्यामुळं हा गर्व कुणी कधी मोडला नाही.

वर्षाराणी ही त्यांची एकुलती एक पोरगी. लहानपणी तिला बाळदमा होता. थंडी पडली की छाती घरघरायची, चार पावलं चालली तरी धाप लागायची. फौजेतल्या डॉक्टरनं मास्तरांना सुचवलं, तुम्ही बाजेवाले, पोरीला फुंकायला लावा, छाती सुधारेल. मास्तरांनी पुढच्या सुट्टीत तिच्यासाठी एक जुनी क्लॅरनेट आणली. नऊ वर्षांची पोरगी ओसरीवर बसून सातवीतली ती ओळ वाजवायला शिकली. शेजारणी म्हणायच्या, पोरीच्या जातीला बाजा कशाला, वरातीत पाठवायची हाय का? त्यांना साखराबाईच परस्पर वाटेला लावायच्या. "पाठवीन की. तुमच्या घरचं लग्न ठरू तर द्या."

छाती सुधारली, पोरगी शिकली, पुण्याला नोकरीला लागली आणि तिथं हौशी वादकांच्या ऑर्केस्ट्रात शिरली. हे तिनं घरी कळू दिलं नाही. कळवलं ते फक्त कडूबाकाकाला, त्यालाही कारण होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती आली ती पर्समध्ये एक पेनड्राइव्ह घेऊन. पुण्यात तिच्या ऑर्केस्ट्रानं सातवी वाजवली होती, त्याचं रेकॉर्डिंग. क्लॅरनेटवर ती स्वतः. "काका," ती कडूबाला म्हणाली, "रविवारी हे सहावं लावा. आबांना काही बोलू नका. वळखत्येत का बघू." कडूबा रविवारी सकाळपासून एवढा दात काढत हिंडला की साखराबाईंनी विचारलं, भाऊजी, डोकं ठिकाणावर हाय ना?

दुपारी परीक्षा बसली. मास्तरांनी पंचा बांधला. कडूबानं आधी म्हातारा लावला, त्याला नेहमीप्रमाणं नऊ मार्क पडले. मग त्यानं पेनड्राइव्ह लावला. वर्षाराणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती.

"हे कोण नवीन?" मास्तरांनी कान टवकारले. "पोरंसोरं दिसत्येत. बरी चालून राह्यली." मधली जागा आली, क्लॅरनेटची ओळ सुरू झाली, आणि मास्तरांची मान हळूहळू डोलायला लागली. वर्षाराणीचे हात थांबले. तेवढ्यात ओळीच्या ऐन मध्यावर वाजवणाऱ्यानं श्वास घेतला. एवढासाच, पण सूर तुटला. मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

"बंद कर ते. भर वाक्यात दम तोडला की रे त्यानं. 'आई' म्हणायचं आन् 'गेली' म्हणायच्या आधी पाणी प्यायला जायचं, असं कुणी बोलतं का? ज्याच्या छातीत दम न्हाई त्यानं बाजा धरूच नये. दोन मार्क. ते बी बाकीच्यांकडं बघून."

कडूबानं वहीत काही लिहिलं नाही. तो उंबऱ्याकडं बघत राहिला. शेवटी लेकीच्या चेहऱ्यावरून सगळं उमगलेल्या साखराबाईच बोलल्या, "आवं, पोरीचं हाय ते. आपल्या वर्षाचं."

मास्तरांनी पंचा खाली ओढला. आता बघा, इथवर झाली ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. माणूस कपाळावर हात मारतो, हसतो, पोरीला जवळ घेतो आणि विषय मिटतो. पण हजारांत ओळखीन म्हणणाऱ्याला घरचीच फुंक ओळखता आली नव्हती, आणि ती शरम झाकायला त्यांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी पुढं केलं.

"पोरीचं असलं म्हून काय झालं?" ते म्हणाले. "सूर तो सूर. दोन म्हंजे दोनच."

"बराबर हाय, आबा," वर्षाराणी म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

ती भांडली नाही, रुसली नाही. दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या गाडीनं निघाली. पुण्याहून आणलेली क्लॅरनेट मात्र डब्यासकट कपाटावर ठेवून गेली, विसरल्यासारखी. विसरली नव्हती हे साखराबाईंना डबा पुसलेला बघूनच कळलं. त्यानंतर ती दर सणाला आली. फोन तर रोजचा. आईला भाजी काय केली विचारायची, आबांना बीपीच्या गोळ्यांचं विचारायची. सातवीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आणि पुण्यात तिनं ऑर्केस्ट्रा सोडल्याचं कडूबाकडून कळलं.

मास्तरांच्या मनाला ते टोचत नव्हतं असं नाही. चांगलं टोचत होतं. कडूबानं किती वेळा सांगितलं, "मास्तर, एक शब्द बोल तिला. चुकलं म्हण. जीभ झडणार न्हाई." मास्तर म्हणायचे, "बोलतो, दिवाळीला येईल तवा." दिवाळी यायची. पोरगी समोर फराळाचं ताट ठेवायची, मास्तर शब्द घशापर्यंत आणायचे आणि म्हणायचे, यंदा सोयाबीनला भाव न्हाई. अशा सहा दिवाळ्या गेल्या. फौजेत गोळीबाराच्या सरावाला न भ्यालेला माणूस, आणि घरात एका शब्दाला भ्याला.

गेल्या वर्षीपासून त्यांचीच छाती धरली. जालन्याच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरला आणि फुप्फुसं आखडल्याचं सांगितलं. दहा पावलं चालले की मास्तर भिंतीला टेकायचे. बाजा फुंकणं तर सोडाच, चहावर फुंकर घालायची तरी त्यांना दोनदा थांबावं लागायचं. रविवारची परीक्षा कशीबशी चालू होती, ती कडूबाच्या हट्टानं.

ह्या श्रावणात डॉक्टरनं फौजेतले जुने तपासणीचे कागद मागितले, म्हणून मास्तरांनी पत्र्याची पेटी उघडली. वरचे नोटेशनचे गठ्ठे बाजूला काढताना त्यातून एक सुटं पान घसरलं. पिवळं पडलेलं, कोपऱ्यावर तेलाचा डाग. सातवीतली क्लॅरनेटची ओळ, लहान मुलाला दिसावी म्हणून हातानं मोठी मोठी काढलेली. ओळीच्या ऐन मध्यावर पेन्सिलीनं स्वल्पविरामासारखी एक खूण होती, श्वास घ्यायची. आणि तिच्याखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'इथं दम घे, बाळा. घाई न्हाई.'

मास्तर पेटीशेजारी खालीच बसले. त्यांना सगळं आठवलं. त्या हिवाळ्यात पोरीला ओळ पुरी होईना, अर्ध्यावर खोकला यायचा आणि ती रडायची. तेव्हा त्यांनी तिला मांडीशी बसवून ही खूण केली होती आणि सांगितलं होतं, इथं घेत जा, कुणी काही म्हणणार न्हाई.

"कडूबा," रविवारी तो आल्याबरोबर ते म्हणाले, "ते सहावं हाय का रे अजून?"

कडूबानं काही न विचारता घरी जाऊन आपली एसटीतली चामड्याची बॅग आणली. पेनड्राइव्ह त्यानं सहा वर्षं तिच्यात सांभाळून ठेवला होता. ह्या वेळी मास्तरांनी पंचा बांधला नाही. ते पान मांडीवर घेऊन बसले आणि ओळ सुरू झाल्यावर तिच्यावरून बोट फिरवत गेले. बोट खुणेवर आलं आणि त्याच क्षणाला पोरीनं श्वास घेतला. तसूभरही इकडंतिकडं नाही. मास्तरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांना हुंदका आवरेना. साखराबाईंनी पाणी आणलं, तेही त्यांना सलग पिता येईना.

मग त्यांनी फोन मागितला.

"आबा? गोळ्या घेतल्या का?" वर्षाराणीचं नेहमीचं पहिलं वाक्य.

"वर्षा, ते सातवीतलं..." त्यांना मध्येच थांबावं लागलं. "तो दम मीच लिव्हला व्हता. कागद सापडला पेटीत. तू लहान व्हतीस म्हून लिव्हला, नंतर खोडायचं ऱ्हाऊन गेलं. माझी चूक व्हती ती, आन् मार्क तुझे कापले. चुकलं माझं."



"मला ठाव हाय, आबा. कागद तुमचाच व्हता."

"मंग तवाच का न्हाई बोललीस? चुकीच्या जागी दम घ्यायला बापानंच शिकवलं, तेच करून राह्यले, असं तोंडावर सांगायचं व्हतंस."

"तसं न्हवतं ते." ती सावकाश बोलत होती. "मोठी झाल्यावर मला दम पुरायचा. अख्खी ओळ एका दमात जायची. सरावात तशीच वाजवायचे मी. कार्यक्रमाच्या दिवशी तेवढा मुद्दाम घेतला. आमचे सर लई चिडले नंतर. पण मला वाटलं, तुम्ही डोळे बांधून बसलेले असाल, बाकी काही न्हाई कळलं तरी एवढ्यावरून वळखाल."

मास्तरांचं बोट पुन्हा पानावरच्या खुणेवर गेलं. कडूबा समोर बसला होता, तो उठून ओसरीवर निघून गेला.

"बाजा हितंच हाय तुझा," मास्तर म्हणाले. "साफ करून ठिवतो. दिवाळीला येशील तवा एकडाव..."

"राहू द्या, आबा. आता न्हाई वाजत माझ्याच्यानं. बोटं इसरली सगळी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांनी तो तरी पदरात घेतला असता. "गोळ्या घेतल्या का? तुम्ही सांगितलंच न्हाई."

"घेतल्या," मास्तर म्हणाले. गोळ्यांची पट्टी समोरच्या फळीवर सकाळपासून तशीच पडलेली होती.